गाण्याची जाहिरात आणि श्रोत्यांची मोजदाद

श्रावण सरत आला की कांदिवलीच्या चारकोप, डहाणूकरवाडी, पोयसर आदी वस्त्यांतून संध्याकाळी पखवाज आणि झांजांचे आवाज ऐकू येऊ लागतात. कोकणातून मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांनी भजनाची परंपरा उपनगरांतही जतन केली आहे. चारकोपची वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखण्यात आली. अशा वसाहतींतील लहानशा घरांतून भजनी मंडळे उभी राहिली, बुवा तयार झाले आणि डबलबारीचे सामने रंगू लागले. मंडळाची कीर्ती पूर्वी तोंडी पसरत असे. पुढे कॅसेट आली आणि गावोगावच्या जत्रांतून बुवांचा आवाज घरोघर पोहोचला. आज त्या कॅसेटची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे.

भ्रमणध्वनीवर हवे ते गाणे हव्या त्या वेळी ऐकवणाऱ्या सेवांना स्ट्रीमिंग सेवा म्हणतात. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्यूझिक ही त्यांपैकी परिचित नावे होत. या सेवांवर गीत प्रसिद्ध करण्यासाठी आज मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीचा आश्रय लागत नाही. अल्प शुल्क घेणाऱ्या वितरकामार्फत कोणतेही मंडळ आपले गीत तेथे पोहोचवू शकते. परंतु दार सर्वांना खुले झाल्यामुळे आत गर्दीही तितकीच झाली आहे. गीत प्रसिद्ध झाले तरी ते कोणाच्या कानावर पडेलच असे नाही. म्हणून पैसे भरून जाहिरात करण्याचा मार्ग अनेकजण अवलंबतात. जाहिरात संपल्यावर आकड्यांचा एक तक्ता हाती येतो. त्यातील लाखांचे आकडे पाहून काहींना आनंद होतो, तर काहींना फसवणुकीची शंका येते. तक्ता वाचण्याची रीत माहीत असल्यास या दोन्ही भावनांना आवर घालता येतो. ती रीत समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोजणीचा प्रश्न जुनाच

गाण्याची लोकप्रियता कशी मोजावी हा प्रश्न नवा नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला' या कार्यक्रमात अमीन सयानी गीतांचा क्रम जाहीर करीत. तो ठरवताना ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोतासंघांची पसंती या दोहोंचा विचार होत असे. आकाशवाणीच्या 'आपली आवड' या कार्यक्रमासाठी श्रोते पत्रे पाठवीत. पत्र लिहिणाऱ्याला काही कष्ट घ्यावे लागत, त्यामुळे त्या पत्राला वजन होते. मात्र एकाच घरातून दहा पत्रे गेली तर ती दहा श्रोत्यांची मानावीत काय, ही शंका तेव्हाही होतीच.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै २०१९ मध्ये रॅपगायक बादशाह यांचे 'पागल' हे गीत यूट्यूबवर पहिल्या चोवीस तासांत सुमारे साडेसात कोटी वेळा पाहिले गेल्याचे जाहीर झाले. हा आकडा त्या वेळच्या जागतिक विक्रमाच्या पुढे होता. या आकड्यात पैसे भरून दाखवलेल्या जाहिरातींतून आलेल्या दर्शनांचाही समावेश असल्यामुळे विक्रम कशाला म्हणावे याविषयी चर्चा झाली. त्यात नियमभंग नव्हता, कारण तेव्हा नियमच तसा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने आपला नियम बदलला आणि लोकप्रियतेच्या याद्या व पहिल्या चोवीस तासांचे विक्रम यांतून जाहिरातीद्वारे आलेली दर्शने वगळली. जाहिरातीने दाखवलेले आणि श्रोत्याने आपणहून शोधलेले यांत भेद करावा लागतो, हे जगातील सर्वांत मोठ्या चित्रफीत सेवेला मान्य करावे लागले. कांदिवलीतील भजनी मंडळालाही हाच भेद करावा लागतो.

शब्दांचे अर्थ

तक्ता वाचण्यापूर्वी त्यातील काही संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे.

जाहिरात पडद्यावर जितक्या वेळा झळकली त्या संख्येला 'इम्प्रेशन' म्हणतात. जितक्या वेगवेगळ्या व्यक्तींसमोर ती आली त्या संख्येला 'रीच' म्हणतात. एकाच व्यक्तीसमोर जाहिरात तीन वेळा आली तर इम्प्रेशन तीन आणि रीच एक होतो. जाहिरातीवर बोट टेकवण्याची क्रिया म्हणजे 'क्लिक'. क्लिक करणारा प्रत्येकजण गाण्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. काहींचे बोट चुकून लागते, काही मध्येच परत फिरतात.

यापुढील आकडे स्ट्रीमिंग सेवेकडून मिळतात. स्पॉटिफायवर गीत किमान ३० सेकंद वाजले तरच ते एक श्रवण, म्हणजेच 'स्ट्रीम', धरले जाते. श्रवणांची संख्या आणि श्रोत्यांची संख्या वेगळी असते. एका आजोबांनी तेच भजन रोज सकाळी महिनाभर ऐकले तर श्रवणे तीस होतील, श्रोता मात्र एकच राहील. या सेवेवरील 'मासिक श्रोते' हा आकडा मागील २८ दिवसांचा असतो आणि तो रोज पुढे सरकतो. म्हणून मोहीम संपल्यावर काही आठवड्यांनी तो खाली आला की काही बिघाड झाला असे समजण्याचे कारण नाही. श्रोत्याने गीत आपल्या संग्रहात जपून ठेवले तर त्याची नोंद 'सेव्ह' म्हणून होते. जुन्या काळी ध्वनिमुद्रिका विकत घेऊन कपाटात ठेवण्याच्या कृतीशी तिची तुलना करता येईल.

एक हिशेब

हे सर्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. चारकोपमधील एका भजनी मंडळाचे सोळा सभासद आहेत असे समजू. प्रत्येकाने १,२५० रुपये वर्गणी काढून २०,००० रुपये जमवले. सभासदांत कोणी रिक्षाचालक आहे, कोणी कारखान्यातील कामगार, कोणी निवृत्त शिक्षक. मंडळाने गणपतीचा एक गजर ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केला होता आणि त्याची फेसबुक व इन्स्टाग्रामवर २८ दिवस जाहिरात केली. मोहिमेच्या काळातच गणेशोत्सव आला. जाहिरातीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यामुळे २०,००० रुपयांपैकी १६,९४९ रुपये प्रत्यक्ष जाहिरातीस मिळाले आणि ३,०५१ रुपये करापोटी गेले.

तक्ता असा आला : इम्प्रेशन २,४०,०००, रीच ९६,०००, क्लिक ४,२००, स्ट्रीमिंग सेवा उघडणारे २,५२०, नवीन सेव्ह १२६. मोहिमेपूर्वीच्या २८ दिवसांत गजराला २४० श्रोते व ४८० श्रवणे मिळाली होती. मोहिमेच्या २८ दिवसांत १,८४० श्रोते व ३,६८० श्रवणे मिळाली.

पहिला मोह असतो तो २,४०,००० या आकड्याचा. मंडळाच्या फलकावर 'दोन लाख चाळीस हजारांनी पाहिले' असे लिहिले तर ते सत्य ठरणार नाही. व्यक्ती ९६,००० होत्या आणि त्यांच्यासमोर जाहिरात सरासरी अडीच वेळा आली. दर शंभर इम्प्रेशनमागे पावणेदोन क्लिक मिळाले आणि कर वगळता एका क्लिकला सुमारे चार रुपये पडले. क्लिक करणाऱ्या दर शंभरांपैकी साठांनी स्ट्रीमिंग सेवा उघडली. येथपर्यंतचे आकडे जाहिरातीचा गुण सांगतात. गाण्याचा गुण त्यांवरून कळत नाही. आकर्षक चित्र असेल तर सामान्य गीतालाही क्लिक मिळतात.

दुसरा मोह असतो सरळ वजाबाकीचा. पूर्वी २४० श्रोते होते, नंतर १,८४० झाले, म्हणजे जाहिरातीमुळे १,६०० श्रोते वाढले आणि एका श्रोत्यामागे साडेबारा रुपये खर्च आला, असा निष्कर्ष बहुतेक ठिकाणी काढला जातो. यात एक मोठी गफलत आहे.

सणाचा वाटा वेगळा काढणे

गणेशोत्सवात गणपतीची गीते जाहिरातीशिवायही अधिक ऐकली जातात. पावसाळ्यात छत्रीच्या दुकानदाराने विक्रीचे सर्व श्रेय आपल्या नव्या फलकाला द्यावे, तसाच हा प्रकार होईल. जाहिरातीचा वाटा आणि सणाचा वाटा वेगळा करण्यासाठी जाहिरात नसलेले एखादे क्षेत्र तुलनेला हवे. शेतीतील प्रात्यक्षिकात खत घातलेल्या वाफ्याशेजारी खत न घातलेला वाफा ठेवतात, त्याचे तत्त्व हेच आहे.

मंडळाने जाहिरात मुंबई आणि वसई-विरार येथेच दाखवली आणि पुणे व नाशिक ही शहरे मुद्दाम वगळली असे समजू. जाहिरात कोणत्या शहरांत दाखवावी हे ठरवण्याची सोय असते आणि स्ट्रीमिंग सेवा श्रोत्यांच्या प्रमुख शहरांची यादी देते. सोयीसाठी सर्व श्रोते या चार शहरांतीलच धरले आहेत. जाहिरात असलेल्या शहरांत श्रोते १६० वरून १,६०० झाले. जाहिरात नसलेल्या शहरांत ते ८० वरून २४० झाले.

जाहिरात नसतानाही श्रोते तिप्पट झाले, ही वाढ सणाची होय. मुंबई व वसई-विरारमध्येही सणामुळे १६० चे ४८० झालेच असते असे मानणे योग्य ठरेल. १,६०० मधून हे ४८० वजा केले की १,१२० उरतात. जाहिरातीने मिळवलेले श्रोते हेच. त्या हिशेबाने एका श्रोत्यामागे साडेबारा नव्हे, तर सुमारे १७ रुपये ८६ पैसे खर्च आला.

ही पद्धत तंतोतंत नाही. दोन शहरांची आवडनिवड सारखी नसते आणि लहान संख्यांत योगायोगाचा भाग मोठा असतो. पाच श्रोत्यांचे दहा झाले म्हणून दुप्पट वाढ झाली असे म्हणणे अर्थहीन आहे. तथापि तुलनेचे क्षेत्र मुळीच नसण्यापेक्षा ते असणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र ते मोहीम सुरू करण्यापूर्वी ठरवावे लागते. मोहीम संपल्यावर ते निर्माण करता येत नाही.

जाहिरात थांबल्यानंतर

खरी परीक्षा पैसे संपल्यावर सुरू होते. मोहीम व गणेशोत्सव संपल्यानंतरच्या २८ दिवसांत जाहिरात झालेल्या शहरांत ३२० आणि न झालेल्या शहरांत ८८ श्रोते राहिले असे धरू. जाहिरात नसलेल्या शहरांतील ८० चे ८८ झाले, म्हणजे दहा टक्के वाढ टिकली. त्याच प्रमाणात मुंबई व वसई-विरारमध्ये १६० चे १७६ झाले असते. प्रत्यक्षात ३२० आहेत. म्हणजे १४४ श्रोते जाहिरातीमुळे जोडले गेले आणि टिकले.

जाहिरातीने आणलेल्या १,१२० पैकी १४४, म्हणजे साधारण आठांपैकी एक श्रोता राहिला. एका टिकाऊ श्रोत्याला सुमारे १३९ रुपये पडले. दोन लाख चाळीस हजारांपासून सुरू झालेला हिशेब १४४ वर येऊन थांबतो, हे पाहून निराशा होण्याचा संभव आहे. परंतु सण संपल्यावरही गणपतीचा गजर शोधून ऐकणारी १४४ माणसे ही लहान गोष्ट नव्हे. एखाद्या देवळाच्या सभामंडपात तेवढी माणसे बसली तर मंडप भरून जातो. हा आकडा खरा आहे, एवढेच त्याचे मोल.

टिकाऊपणाची चाहूल मोहीम चालू असतानाही घेता येते. दर श्रोत्यामागे श्रवणे किती, सेव्ह किती, आणि श्रोता कोठून आला या तीन गोष्टी पाहाव्यात. श्रोता स्वतःच्या संग्रहातून, गायकाच्या पानावरून किंवा नाव शोधून आला असेल तर तो आपणहून आलेला असतो. सेवेने आपोआप पुढचे गाणे म्हणून वाजवल्यामुळे आलेला श्रोता वेगळ्या वर्गातला असतो. २०२४ मध्ये संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' हे मराठी गीत देशभर गाजले. त्या गीतावर असंख्य लोकांनी स्वतःच्या नृत्याच्या चित्रफिती केल्या. ऐकणाऱ्याने गीत उचलून पुढे नेणे याचे ते ठळक उदाहरण होय.

उत्पन्नाचा विचार

श्रवणांतून खर्च भरून निघेल ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. बहुतेक सेवा प्रत्येक श्रवणाला ठरावीक दर देत नाहीत. एकूण उत्पन्नातील विशिष्ट हिस्सा श्रवणांच्या प्रमाणात वाटला जातो. उदाहरणादाखल एका श्रवणाला दहा पैसे धरले, तर १,१२० श्रोत्यांच्या प्रत्येकी दोन याप्रमाणे २,२४० श्रवणांचे २२४ रुपये होतात. खर्च २०,००० रुपयांचा आहे. शिवाय स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार मागील बारा महिन्यांत १,००० श्रवणे न झालेल्या गीताला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही.

म्हणून मोहिमेचा हेतू आधी लिहून काढावा. मंडळाचा हेतू सुपाऱ्या मिळवण्याचा असेल तर फळ सुपाऱ्यांच्या वहीत दिसले पाहिजे. कार्यक्रम ठरवण्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला 'आमचे नाव कोठे कळले?' असे विचारून उत्तर नोंदवावे. ही साधी वही कोणत्याही तक्त्याइतकीच उपयुक्त आहे. गीतकार व संगीतकार यांनी आपल्या कृतींची नोंद १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे करावी, हेही अगत्याचे आहे. २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने त्यांच्या मानधनाच्या हक्काला संरक्षण दिले आहे.

विकत घेतलेली श्रवणे

जाहिरात करणे आणि श्रवणे विकत घेणे या भिन्न गोष्टी आहेत. 'दहा हजार श्रवणांची हमी' किंवा 'प्लेलिस्टमध्ये खात्रीने स्थान' असे सांगून पैसे मागणारे पुष्कळ आहेत. जाहिरातदार जाहिरात दाखवण्याची हमी देऊ शकतो. माणूस ऐकेलच याची हमी प्रामाणिकपणे कोणीही देऊ शकत नाही. असा हमीचा आकडा बहुधा यंत्राकडून वाजवून घेतलेला असतो.

याचे परिणाम गंभीर आहेत. स्पॉटिफाय अशी श्रवणे मोजणीतून वगळते, आणि एखाद्या गीताची बहुतांश श्रवणे कृत्रिम आढळल्यास २०२४ पासून वितरकाकडून दंड आकारते. गीत सेवेवरून काढले जाण्याचाही धोका असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका संगीतकारावर यंत्रांकरवी गीते वाजवून एक कोटी डॉलरहून अधिक मानधन लाटल्याचा आरोप ठेवण्यात आला. मुंबईतही २०२० साली एका गायिकेच्या तक्रारीनंतर पोलिसांच्या गुन्हे शाखेने समाजमाध्यमांवर बनावट फॉलोअर पुरवणाऱ्यांचा तपास हाती घेतला होता.

बनावट श्रवणे ओळखण्याची काही चिन्हे आहेत. एका दिवसात आकडा एकाएकी उंच जातो आणि तसाच कोसळतो. कोकणी भजनाला ज्याच्याशी काही संबंध नाही अशा दूरदेशीच्या एखाद्याच शहरातून बहुसंख्य श्रोते दिसतात. श्रवणे हजारोंनी असतात आणि सेव्ह मात्र जवळजवळ शून्य असतात. एकच चिन्ह पुरेसे नसते. ती एकत्र दिसल्यास मोहीम तत्काळ थांबवून वितरकास लेखी कळवावे.

ग्रामपंचायती व शाळा

हा विषय केवळ गायकांपुरता मर्यादित नाही. स्वच्छता, पाणी बचत, मतदान, लसीकरण अशा कार्यांसाठी गीते तयार करून घेण्याची प्रथा ग्रामपंचायती व शासकीय कार्यालयांत रूढ आहे. त्यांच्या प्रसारावर खर्च झाल्यास तो सार्वजनिक पैसा असतो. 'आपले गीत पाच लाख लोकांपर्यंत पोहोचले' असे एका ओळीचे पत्र देयकासोबत आले, तर तेवढ्यावर देयक मंजूर करणे उचित होणार नाही.

यासाठी काही अटी काम देतानाच घालता येतात. जाहिरातीचे व गीताचे खाते संस्थेच्या नावे असावे आणि त्यातील मूळ आकडे संस्थेला थेट पाहता यावेत. तक्ता तारीखवार व शहरवार मिळावा. मोहिमेपूर्वीचे २८ दिवस, मोहिमेचे दिवस आणि नंतरचे २८ दिवस असे तिन्ही काळांचे आकडे द्यावेत. श्रवणसंख्येची हमी देणारे दरपत्रक स्वीकारू नये. तालुक्यासाठी केलेल्या गीताचे श्रोते त्या परिसरातील आहेत काय, हे तपासावे. आणि पाणी बचतीच्या गीताचे अंतिम फळ गावातील नळावर दिसते, पडद्यावर नव्हे, हे विसरू नये.

शिक्षकांना हाच हिशेब वर्गात घेता येईल. शेकडेवारी, सरासरी आणि तुलना हे गणिताचे तीनही भाग त्यात आहेत. भ्रमणध्वनीवरील मोठ्या आकड्यांनी दिपून जाणाऱ्या मुलांना 'हा आकडा कशाचा आहे?' असे विचारण्याची सवय लागली, तर तिचा उपयोग गाण्यापलीकडेही होईल.

चारकोपच्या त्या मंडळाने पुढील वर्षी पुन्हा वर्गणी काढावी किंवा नाही, याचे उत्तर सोळा सभासदांनी एकत्र बसून द्यायचे आहे. १४४ टिकलेले श्रोते आणि वहीतील सुपाऱ्या हे दोन खरे आकडे समोर असतील तर निर्णय कोणताही झाला तरी तो डोळसपणे झालेला असेल. सोळा घरांतून आलेल्या वर्गणीचा एवढा मान राखला गेलाच पाहिजे.